दोन वाटा छेदतात तिथे भोक

चिमटी तीन महिन्यांची झाली तेव्हा तिला खांद्याशी धरून मी जिना उतरले. खाली कारखाना, वर घर, अशी आमची रचना. कारखान्यात खिडकीजवळचा कोपरा माझा होता. टेबल, खुर्ची आणि भिंतीला टेकवलेला मोठा नकाशा. आता टेबलावर व्हार्निशचे डबे होते. खुर्चीवरही. नकाशाची गुंडाळी करून डब्यांमागे खोचलेली.

"हे काय?" मी विचारलं.

"डबे आहेत. दिसत नाहीत?" ताई म्हणाल्या. ताई म्हणजे माझी नणंद. सासरे गेल्यापासून कारखाना त्या चालवतात.

"माझं टेबल होतं ते."

"होतं."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो पलीकडच्या फळीवर कागदाला खळ लावत होता. "अहो, सांगा ना काही."

त्यानं दोन्ही हात वर करून दाखवले. "हात ओले आहेत गं."

त्याचे हात कायम ओलेच असतात. चिमटी रडली, हात ओले. दूध उतू चाललंय, हात ओले. बहीण आणि बायको यांच्यात एक शब्द बोलायचा झाला, तरी खळ आधी वाळावी लागते.

"मुलाला व्हार्निशचा वास बाधतो," ताई म्हणाल्या. "तुझ्याच भल्याचं सांगतेय. तू वरच बरी."

"मग डबे हलवा."

"कुठे? माझ्या डोक्यावर?"

मी वर गेले. चिमटीला पाळण्यात ठेवलं, तशी ती नेहमीसारखी मान वळवून खिडकीच्या उजेडाकडे बघत राहिली. तिला एक उजेड पुरत होता. मला खालचा हवा होता. त्या टेबलावर बसून मी लग्नानंतरची सगळी वर्षं काढली होती. वर राहिले असते तर पोरीचे लंगोट धूत आणि ताईंची पावलं ऐकत म्हातारी झाले असते.

आम्ही पृथ्वीचे गोल बनवतो. शाळांसाठी लहान, आणि कुणी मागितले तर मोठे. आधी कागदाच्या लगद्याचे दोन अर्धे करायचे, ते जोडायचे, वरून प्लास्टरचे हात द्यायचे. मग गोळा एका लाकडी कड्यावर बसवून सावकाश वाळवायचा. वाळताना तो रोज थोडा फिरवावा लागतो. सासऱ्यांचा नियम होता की सकाळी कुलूप जो काढेल त्यानं गोळ्याला पाव फेरा द्यायचा, मग चहा. कुलूप मीच काढायची. गोळा खडखडीत वाळला की नवरा त्यावर नकाशाच्या पाकळ्या चिकटवतो. तोवर गोळा नुसता पांढरा असतो. दोन टोकांना दोन ध्रुव, मध्ये जोडाची शिवण म्हणजे विषुववृत्त आणि शिवणीवर शून्य रेखांशाची एक खूण. बाकी कोरा.

यावेळचा गोळा मोठा होता, माझ्या छातीइतका उंच. नौकानयन शिकवणाऱ्या एका शाळेनं मागवलेला. त्यांचे कप्तान स्वतः येऊन सांगून गेले होते की आमची दोन जहाजं दोन वाटांनी जातात. त्या दोन्ही वाटा पितळेच्या पट्टीनं दाखवा, आणि वाटा जिथे छेदतात तिथे आतून दिवा लावा. खाली पितळी पाटी हवी आणि तिच्यावर त्या जागेचे अक्षांश-रेखांश कोरलेले हवेत.

दिव्यासाठी भोक पाडावं लागतं, आणि ते कागद लावण्याआधी, कारण छापील कागदावर गिरमिट चालवलं की कागद फाटतो. कोऱ्या गोळ्यावर एकच भोक, पहिल्याच खेपेला. जागा चुकली तर बुजवलेलं भोक पुढे कागदाखालून उठून दिसतं.

ताई दोरीनं कुठलीही वाट काढतात. दोन बंदरांच्या जागी टाचणी, मध्ये ताणून दोरी, की झाली सर्वांत जवळची वाट. पण दोरी अंश आणि मिनिटं सांगत नाही. पाटीला आकडे लागणार होते आणि आकडे माझ्याकडे होते.

ताई वर आल्या नाहीत. नवऱ्याला पाठवलं.

"ताई विचारतेय," तो दारातूनच म्हणाला, "गणित अजून येतं का, की बाळंतपणात वाहून गेलं?"

"असंच म्हणाल्या?"

"साधारण."

मी खाली गेले. मिस्त्री गिरमिटाला धार लावत होते. सुतारकाम आणि भोकं पाडायचं काम त्यांचं.

"करते," मी म्हटलं. "पण माझ्या आकड्यावर भोक पडलं तर कोपरा माझा. टेबल, खुर्ची आणि पाळणासुद्धा."

"आणि चुकलं तर?"

"तर मी वर."

"कायमची?"

"कायमची."

"मी ऐकलं हां," मिस्त्री म्हणाले.

"तुम्ही धार लावा," ताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "चला गणितबाई, दाखवा चमत्कार."

गणित मी चिमटीला पाजताना केलं. एका मांडीवर ती, दुसरीवर पाट, पाटावर कागद आणि कॅल्क्युलेटर. दोनदा तिच्या टाचेनं सगळे आकडे पुसले. तिसऱ्या वेळी मी तिचं पाऊल मुठीत धरून ठेवलं. ते मुठीत आख्खं मावत होतं आणि आतल्या आत बोटं हलवत होतं.

गणित तसं अवघड नाही. दोन बंदरांमधली सर्वांत जवळची वाट म्हणजे पृथ्वीला बरोबर मधून कापणाऱ्या एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा. अशा प्रत्येक वर्तुळाला आपला एक खुंटा असतो. जातं जसं खुंट्याभोवती फिरतं, तसं ते वर्तुळ त्याच्याभोवती फिरतं. दोन बंदरांच्या अक्षांश-रेखांशांचे तीन-तीन आकडे करून त्यांचा तिरका गुणाकार केला की त्या खुंट्याची दिशा मिळते. वाटा दोन, म्हणजे खुंटे दोन. त्या दोघांचा पुन्हा तसाच गुणाकार केला की दोघांनाही काटकोनात असलेली एक रेघ हाती येते. ती पृथ्वीच्या पोटातून आरपार जाऊन दोन ठिकाणी बाहेर निघते. मोठी वर्तुळं एकमेकांना एकदाच भेटून सुटत नाहीत. ती दोनदा भेटतात, तीही बरोब्बर समोरासमोर, मध्ये आख्खी पृथ्वी ठेवून. त्यातलं आपल्या जहाजांच्या वाटेवरचं कुठलं, हे आपण बघायचं.

या दोन वाटांची एक खोड होती. त्यांचे खुंटे जवळजवळ एकाच दिशेला होते, म्हणजे वाटा मिटत आलेल्या कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींना छेदत होत्या. अशा ठिकाणी वाट केसभर हलली तर छेद हातभर सरकतो. म्हणून मी सगळं पुन्हा केलं. मग शेवटाकडून उलटं करून पाहिलं. आकडा तोच आला.

खाली ताईंनी अंशांची फीत काढली. ही कापडी फीत ध्रुवापासून शिवणीपर्यंत लावायची. ध्रुवावर नव्वद, शिवणीवर शून्य. मी माझी जागा मोजायला लागले, तर त्या अंगाला फितीचा शून्य शिवणीच्या किंचित खाली उतरला.

"फीत ताणली गेलीय," ताई म्हणाल्या. "जुनी झाली. ओढून धरू नकोस, सैल धर."

मी शिवणीकडून मोजलं आणि पेन्सिलीनं फुली केली.

मग ताईंनी चार बंदरांच्या जागी टाचण्या लावल्या, दोन दोऱ्या ताणल्या. दोऱ्या जिथे एकमेकींवरून गेल्या तिथे त्यांनी लाल खडूचा ठिपका दिला. माझी फुली आणि त्यांचा ठिपका यांच्यात तीन बोटं अंतर होतं.

मग ताई हसल्या. त्यांना इतकं मनापासून हसताना मी माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"तीन बोटं! समुद्रात किती होतात गं ती? जहाज बुडेल ना बिचारं."

"माझा आकडा बरोबर आहे."

"मग पृथ्वी चुकली असेल."

"दोरी सरकली असेल."

"ताण तू. घे, ताण."

मी ताणली. एकदा त्यांच्या समोर, एकदा त्या पाठमोऱ्या असताना. दोरी दोन्ही वेळा लाल ठिपक्यावरूनच गेली. दोरीत काही खोट नव्हती.

"आता कळलं?" ताई म्हणाल्या. "गणित कागदावर असतं. गोळा इथे आहे."

"उद्या दुपारपर्यंत थांबा."

"कशाला? आणखी एक पोर होईपर्यंत थांबू का?"

नवरा खळ ढवळत होता. मिस्त्रींनी गिरमिट फडक्यात गुंडाळलं आणि म्हणाले, "उद्याच पाडू. आज तसंही पातं गरम झालंय." पातं गरम झालं नव्हतं. त्यांना माझी दया आली, आणि त्याचाच मला सगळ्यांत जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या परिचारिका चिमटीला बघायला आल्या. खालीच उजेड बरा म्हणून मी त्यांना कारखान्यात बसवलं. त्यांनी वजन केलं, डोक्याभोवती फीत गुंडाळून माप घेतलं, मग तिला बसती धरून वरून टाळूकडे बघितलं.

"एकाच कुशीवर निजते का ही?"

"खिडकीकडे तोंड करून निजते. उजेड आवडतो तिला."

"मागून एका अंगाला डोकं बसलंय थोडं. समोरून दिसत नाही, वरून दिसतं. घाबरू नका, भरून येईल. पण कूस बदलत जा. पाळणा उलटा फिरवा म्हणजे आपोआप दुसरीकडे बघेल."

त्या जाईपर्यंत ताई गप्प होत्या. तेवढी रीत त्यांना आहे. दार लागल्यावर म्हणाल्या, "बघा. पोरीचं डोकं चपटं केलं, आणि आम्हाला गोल शिकवायला निघाली."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला बोलू? मी चिमटीचं डोकं तळव्यात घेतलं, मऊ, कोमट, आणि मागच्या अंगाला खरंच एक सपाटी लागली. तीन महिने रात्रंदिवस ते डोकं माझ्या हातात होतं आणि मला ती जाणवली नव्हती. हात रोज तिथूनच फिरतो, त्याला ते गोलच वाटतं.

तशीच उभी असताना माझं लक्ष गोळ्याकडे गेलं.

मी चिमटीला टोपलीत ठेवलं आणि खिडकी लावून घेतली.

"आता काय अंधारात मोजणार?" ताई म्हणाल्या.

मी हातदिवा लावला आणि गोळ्याच्या अगदी अंगाशी, खालून धरला. भर उजेडात गोळा पांढराशुभ्र गोल दिसायचा. आता दिवा फिरवत नेला तशी पांढऱ्यावर सावली सारखी उतरत गेली, आणि फुली नि ठिपका होते त्या अंगाला आल्यावर अडखळली. तिथे एक मोठी, उथळ सपाटी होती. आपण बसून उठल्यावर उशी दिसते तशी.

"फीत आणा," मी म्हटलं.

कुणी हललं नाही. मीच आणली. पलीकडच्या अंगाला लावली, शून्य शिवणीवर. डावीकडे, शिवणीवर. उजवीकडेही शिवणीवरच. सपाटीवरून लावली तेव्हा शून्य शिवणीखाली उतरला.

"फीत एकाच बाजूला कशी ताणली जाईल, ताई? फीत ठीक आहे. गोळा बसलाय."

नवरा जवळ आला. ओल्या हातांनीच. त्यानं सपाटीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "पाकळ्या बसल्याच नसत्या इथे. सुरकुत्या पडल्या असत्या."

दोरी खरी होती, पण बसलेल्या गोळ्यावर. माझा आकडा खरा होता, पण गोळा गोल असेल तर. आणि वाटा इतक्या तिरक्या छेदत होत्या की बारीकशा सपाटीनं तीन बोटं सरकवली होती.

"ओला असताना गोळा फिरवत कोण होतं?" मी विचारलं.

"कुलूप तू काढायचीस," ताई म्हणाल्या.

"मी दवाखान्यात होते."

"सांगून जायचं होतंस."

"कळा येत असताना? 'आई गं' म्हणू की 'गोळा फिरवा' म्हणू?"

मिस्त्री हसले आणि लगेच खोकले.

"मला वाटलं ताई फिरवतेय," नवरा म्हणाला.

"मला वाटलं तू."

"माझे तर हात—"

"हातांचं नाव काढू नका," मी म्हटलं. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्याच्यावर चारचौघांत आवाज चढवला होता.

ताईंनी खिडकी उघडली. उजेडात गोळा पुन्हा साजरा दिसायला लागला. त्यांनी सपाटीवरून एकदा तळवा फिरवला, आणि बोलल्या तेव्हा आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

"भोक लाल ठिपक्यावर पाडा. पट्ट्या दोरीवरूनच जाणार, दिवा पट्ट्यांच्या छेदावरच येईल. सपाटी पुरती भरून पुन्हा वाळवायला वेळ कुठाय? वरून मी प्लास्टरचा एकच पातळ हात मारते, सुरकुत्या पडणार नाहीत. कुणाला काय कळतंय?"

"पाटीवर आकडे आहेत."

"आकडे ठिपक्याचे घाल."

"तो छेद नाहीये."

"गोळ्यावर आहे ना? मग झालं." मग त्या टेबलाकडे गेल्या आणि एक डबा उचलून खाली ठेवला. "कोपरा हवाय ना तुला? घे. टेबल घे, खुर्ची घे, पाळणा आण. पाटी मला दे."

हवं होतं ते सगळं समोर होतं. फक्त चार आकडे बदलायचे. मी टेबलाकडे बघितलं. डबा होता तिथे लाकडावर गोल डाग पडला होता. इथे पाळणा, इथे कागद, मान वळवली की चिमटी. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. जहाजं काही आमचा गोळा बघून चालत नव्हती.

पण कप्तान पाटी वाचणार आणि नकाशावर दिवा बघणार. त्यांची पोरं तेच आकडे वहीत उतरवणार, आपली वाट काढून बघणार, आणि त्यांचं उत्तर जुळलं नाही की त्यांना वाटणार, आपलंच चुकलं. आणि मी या टेबलाशी बसून पुढचा आकडा काढणार. कुणासाठी? आणि तो खरा आहे, असं म्हणायचं कुठल्या तोंडानं?

"नाही," मी म्हटलं.

"मिस्त्री," ताई म्हणाल्या, "पाडा भोक."

मिस्त्रींनी गिरमिट फडक्यातून काढलं. माझ्याकडे बघितलं, ताईंकडे बघितलं. पगार ताई देतात. ते गोळ्याशी गेले आणि टोक लाल ठिपक्यावर टेकवलं.

मी टोपलीतून चिमटीला उचललं आणि त्यांच्यापुढे धरलं. "जरा घ्या हिला."

"आत्ता?"

"पडेल हं. घ्या."

मूल असं पुढे केलं की हात आपोआप जातात. गिरमिट खाली ठेवल्याशिवाय मूल घेता येत नाही. मिस्त्रींनी ते ठेवलं. चिमटीनं त्यांच्या मिशीकडे रोखून बघितलं आणि मिशी मुठीत पकडली. मी गिरमिट उचलून माझ्या पाठीमागे धरलं.

"लाज नाही वाटत?" ताई ओरडल्या. "पोराची ढाल करतेस?"

"तुम्हीच म्हणालात, डोकं चपटं आहे. ढालीला बरं."

ताई जिना चढून गेल्या. वरचं दार असं आपटलं की मिस्त्रींच्या हातात चिमटी दचकली, पण तिनं मिशी सोडली नाही.

पुढच्या सकाळी कुलूप मी काढलं. प्लास्टर कालवलं, सपाटीवर लावायला घेतलं. हे काम मी कधी केलं नव्हतं. थर लागत होता, सुटत होता, माझ्याच पायांवर पडत होता.

"भिंत लिंपतेस काय?" मागून ताई म्हणाल्या. थापी माझ्या हातातून हिसकावली. "बाजूला हो. सगळं वाटोळं करशील."

मी बाजूला झाले. त्यांनी पातळ हात दिला, वाळू दिला, घासला, पुन्हा दिला. त्यांच्या हाताला मी नावं ठेवू शकत नाही. मी दिवा धरायची, सावली जिथे अडखळेल तिथे बोट ठेवायची. त्या बोट झटकून तिथे थापी चालवायच्या. कप्तानांना त्यांनीच फोन केला. "गोळा अजून वाळायचाय," म्हणाल्या. "घाई असेल तर बाजारात प्लास्टिकचे मिळतात." फोन ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "काय बघतेस? फिरव."

मी रोज फिरवत गेले. आमच्यात बोलणं एवढंच व्हायचं. फिरव, धर, सरक.

सपाटीवरून फीत लावली तरी शून्य शिवणीवर यायला लागला, तेव्हा ताईंनी पुन्हा टाचण्या लावल्या. मी आधीच फुली केली होती आणि वर फडकं टाकलं होतं. दोऱ्या ताणल्यावर मी फडकं काढलं. दोऱ्या फुलीवर होत्या. अगदी काटेकोर म्हणाल तर पेन्सिलीच्या जाडीएवढा फरक होता.

"बघ," ताई म्हणाल्या. "दोरीनं आलं की नाही?"

"आकडा माझा आहे."

"गोळा माझा आहे."

मिस्त्रींनी भोक पाडलं. पांढरी भुकटी झरझर खाली सांडली. आमच्यापैकी कुणीही त्यांना शाबासकी दिली नाही, म्हणून त्यांनी ती स्वतःच स्वतःला दिली.

त्या दुपारी ताईंनी डबे हलवले. एकेक उचलून पलीकडच्या भिंतीशी आदळत होत्या, आणि प्रत्येक आदळण्याला चिमटी डोळे मिचकावत होती. शेवटचा एक मात्र टेबलावरच ठेवला.

"हा राहील."

"राहू दे."

"मुलाला वास लागला तर मला सांगायचं नाही."

"नाही सांगणार."

मी पाळणा खाली आणला आणि टेबलाशी ठेवला. नकाशा पुन्हा भिंतीला टेकवला. चिमटीला पाळण्यात घातलं, ती सवयीनं त्याच जुन्या कुशीला वळून झोपली. मी दुपटी आणायला वर गेले. दोरीवरची काढली, घड्या केल्या, जरा वेळ लागला.

खाली आले तेव्हा पाळण्याचं तोंड उलट्या बाजूला होतं. चिमटी दुसऱ्या कुशीवर, उजेडाकडे तोंड करून निवांत झोपली होती. दुपट्याची घडी मानेखाली नीट सारलेली.

"कुणी फिरवलं?" मी विचारलं.

नवऱ्यानं हात वर केले. ओले होते. पाळण्यावर खळीचा डाग नव्हता. मिस्त्री बाहेर लाकूड कापत होते.

ताई पाठमोऱ्या उभ्या राहून थापी धूत होत्या. "कूस बदलायची असते ना?" त्या म्हणाल्या. "कुणीतरी बदलली. आता बसून काम कर. पुढच्या गोलाचे आकडे कधी देणार आहेस, पोर शाळेत गेल्यावर?"